सहदेवच्या घराचं गाऱ्हाणं

रेवती दिल्लीत नेमकं काय करते, हे सहदेवला चारचौघांत कधी धड सांगता आलं नाही. हवामान, ऊर्जा आणि राष्ट्रीय सुरक्षा, एवढं एका दमात म्हणायचं तर माणसाला धाप लागणारच. मग तो आपला ठोकून द्यायचा, पोरगी हवामान खात्यात आहे. झालं! घाटकोपरच्या भटवाडीत ग्रामस्थ मंडळाच्या सत्यनारायणाला ती आली की गाववाले तिला घेरायचे आणि यंदा आंब्याचा मोहोर टिकेल का, ते विचारायचे. तीही हसून सांगायची, टिकेल टिकेल.

यंदा तिला हसू येत नव्हतं.

दिल्लीला ती गेली ती समुद्र चढतोय, किनाऱ्यावरची गावं वाचवायला हवीत, या ध्यासापायी. पण नोकरी माणसाला कुठून कुठे नेऊन बसवते, बघा. आखातात जरा खुट्ट झालं की तेलाची जहाजं अडकतात आणि दिल्लीत साहेबलोकांची तंतरते. म्हणून अडीअडचणीला तेल साठवून ठेवायला किनाऱ्यावर जागा हवी होती, आणि ती निवडायचे निकष लिहिले रेवतीनेच. खाली पक्का कातळ, जवळ खोल पाणी आणि वस्ती विरळ. सगळा किनारा त्या चाळणीतून गाळला आणि पहिल्या नंबरावर आलं कोण? तळकोकणातलं कातळखोल. तिचं स्वतःचं गाव.

वस्ती विरळ! असणारच की. सगळं गाव तर इथे भटवाडीत नाहीतर मुलुंडला येऊन बसलेलं. आजोबा गिरणीत लागले, त्यांच्यामागून अख्खी वाडी आली आणि गावात उरली ती बंद दारं नि चार म्हातारी माणसं. गाव भरतं ते गणपतीत आणि शिमग्याला. पण निकषांत गणपती कुठे लिहायचा, हे तिला सुचलं नव्हतं.

तिने सरळ जाऊन साहेबांना सांगितलं, हे माझं गाव आहे. सांगितलंस ते बरं केलंस, असं म्हणून साहेबांनी फाइल तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिली. म्हणजे आत बोलायचा हक्क गेला, आणि बाहेर ब्र काढायची सोय नव्हती. आधी कुणकुण लागली तर जमिनीचे दलाल गिधाडांसारखे तुटून पडले असते, आणि तिच्यावर खटला झाला असता तो वेगळाच.

नेमका याच वर्षी सहदेव रिटायर झाला. जन्मभर कंपनीत फिटरचं काम केलं, आता फंडाचा सगळा पैसा तो गावच्या घरात घालणार होता. मोडकी पडवी पाडून चिऱ्याचं नवं घर. गवंडी ठरला होता, अडलं होतं फक्त रेवतीपाशी. ती शिकलेली, ती हो म्हणाली की काम सुरू, असं त्याने मनाशी धरलं होतं. तो फोनवर विचारायचा आणि ती टाळायची. सिमेंट महागलंय, म्हणाली. पावसाळा जाऊ दे, म्हणाली. शेवटी सत्यनारायणाच्या दिवशी मंडळाच्या हॉलच्या दाराशी चपला काढताना तिने कसंबसं तोंड उघडलं.

"बाबा, घर आत्ता बांधू नका."

"का गं? काही कळलंय का तुला?"

गाव उठणार, एवढा एक शब्द, आणि बाप वाचला असता. पण सहदेवच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. आज तो शब्द मंडळाला कळला असता, उद्या अख्ख्या भटवाडीला.

"नाही," ती म्हणाली. "सहज आपलं."

सहदेवचा चेहरा उतरला. पोरीला गावाची लाज वाटायला लागली, असंच त्याला वाटलं, आणि दिल्लीची हवा लागली गं तुला, असं तो बोलूनही गेला. रेवतीची आई वनमाला मध्ये पडली आणि दोघांना दटावून आत घेऊन गेली.

आरती झाली. मग मंडळाचे अध्यक्ष शिवदासकाका नारळ घेऊन गाऱ्हाण्याला उभे राहिले. गाव सुटतं, गाऱ्हाणं सुटत नाही. देवाला सगळं मालवणीत सांगायचं आणि प्रत्येक मागण्यामागे सगळ्यांनी एका आवाजात होकार भरायचा. जो भरत नाही तो गावाचा नाही, असा सरळ हिशेब.

"बा देवा रवळनाथा, जो कोण आमच्या गावार वायट नजर ठेवीत, तेका तू बघून घी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" हॉल दणाणला.

"सहदेवाचा चेडू दिल्लीक मोठ्या हुद्द्यार असा. तेच्या हातसून गावाचा भला होवंदे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि सहदेवाचा नवा घर निर्विघ्न उभा रवांदे, रे म्हाराजा."

सगळे बोलले, सहदेव बोलला नाही. तो हात जोडून लेकीच्या तोंडाकडे बघत राहिला. देवासमोर ही गप्प राहते की काय, या भीतीने त्याचे डोळे भरले होते. रेवतीला खोटं बोलवत नव्हतं आणि खरं बोलता येत नव्हतं. आजूबाजूचे आवाज विरले तरी बाप तसाच उभा होता.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

शिऱ्याचा द्रोण हातात यायच्या आधीच सहदेवने गवंड्याला फोन लावला. उद्यापासून चिरे उतरवायला घे, म्हणाला, माझी पोर देवासमोर होय म्हणाली. मग मघाचा राग विसरून तो तिच्याजवळ आला. इतका खूश तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

"तुझी खोली समुद्राच्या अंगाला काढू ना?"

"काढा, बाबा," रेवती म्हणाली.