अडुसष्ट वर्षांची नवरी

गावच्या कचेरीत जन्म, लग्न आणि मरण अशा तीन वह्या माझ्या ताब्यात आहेत. बोनापार्ट पॅरिसमध्ये पायरी पायरीने वर चढला, ते मला वर्तमानपत्रापेक्षा तिसऱ्या वहीतूनच जास्त कळलं. त्याने इटली जिंकली, तेव्हा गावातल्या विधवा ओदिलबाईंच्या थोरल्या मुलाचं नाव तिथे आलं. तो सम्राट झाला, आणि पुढच्या हिवाळ्यात मधल्याचं आलं. मग त्याला स्पेन हवासा वाटला, आणि धाकटाही गेला. तिन्ही वेळा चर्चची घंटा वाजली ती विजयाची. मेलेल्यांसाठी वेगळी वाजवायची कुणाला आठवण झाली नाही.

रशियाच्या बर्फात अख्खं सैन्य पुरून तो परत आला आणि लगेच दुसरं मागू लागला. चिठ्ठ्या टाकून पोरं उचलायची, लग्न झालेल्यांना मात्र सोडायचं, असा नियम होता. मग काय! ज्या म्हाताऱ्या बायकांना दहा वर्षांत कुणी रामराम केला नव्हता, त्यांना लग्नाच्या मागण्या येऊ लागल्या.

आमच्या गावात हा शहाणपणा फ्लोरांने केला. तेवीस वर्षांचा, दारूची लाकडी पिंपं बनवणारा. जीव जडला होता पाणचक्कीवाल्याच्या क्लॉदीनवर. पण स्वतःचा कारखाना नसलेल्याला तिचा बाप मुलगी देईना, आणि बापाच्या सहीशिवाय तिचं लग्न लागेना. तेव्हा हा ओदिलबाईंचा हात धरून कचेरीत आला.

आमचे मेयर पेपां यांनी आजवर चार सरकारांपुढे हात वर करून शपथ घेतलेली. त्यांनी विचारलं, "नवरीचं वय?"

"अडुसष्ट. आणि हसू नका मेयरसाहेब, उरलेले दात मोजून हातात देईन."

"अहो, पण या वयात कशाला हे, बाई?"

"तीन पोरं खाल्ली त्याने माझी. त्याच्या ताटातला एक घास तरी ओढून काढल्याशिवाय मी मरायची नाही." मग त्या फ्लोरांकडे वळल्या. "आणि तू ऐक. तो पडला की तू मोकळा. तोवर माझी लाकडं फोडायची."

पुढच्या वसंतात तो पडला. पेपांनी त्याचा अर्धपुतळा कचेरीतून काढून कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवला आणि परत आलेल्या राजाचं पांढरं निशाण लावलं. फ्लोरां दहा महिने राबला, कारखाना उभा केला, चक्कीवाल्याचा होकार मिळवला आणि फेब्रुवारीत माझ्यासमोर येऊन बसला.

"काडीमोड लिहा, काका."

मी कायद्याचं पुस्तक उघडलं. "राजीखुशीने नाही मिळायचा. बायको पंचेचाळिसाच्या पुढे गेली की बंद."

"हा कायदा कुणाचा?"

"त्याचाच."

"आणि त्याने स्वतःची बायको सोडली, तेव्हा ती केवढी होती?"

"सेहेचाळीस."

"मग?"

"मग काय? ती त्याची बायको होती. कायदा तुझ्यासाठी आहे."

एक वाट उरली होती. नवऱ्याने चारचौघांत मारहाण केली आणि बायकोने तक्रार केली, तर काडीमोड मिळतो. ओदिलबाई ताबडतोब तयार झाल्या. रविवारी प्रार्थना सुटल्यावर त्या चौकात, कारंज्यापाशी, टोपी सावरून उभ्या राहिल्या. सारं गाव जमलं. क्लॉदीनही बापाच्या मागे उभी.

"मार रे! असा काय बघतोस? पिंपावर तर हातोडा बरा चालतो तुझा!"

फ्लोरांने हात उचलला, आणि तो तसाच राहिला. "उपासाचे दिवस आहेत, आजी. असल्या दिवसांत बाईमाणसावर हात टाकला तर पाप लागेल. ईस्टर झाला की मारतो."

"बायकोला आजी म्हणतोस, हाच अपमान लिहून घ्या हो," ओदिलबाई म्हणाल्या. लोक हसले आणि घरी गेले.

पण ईस्टर यायच्या आधी बोनापार्टच हद्दपारीच्या बेटावरून परत आला. पेपांनी पुतळा खुराड्यातून काढून धुतला. कानातली घाण काही निघाली नाही. शिपाई चौकात येऊन पोरं मोजू लागले. आणि आमचा फ्लोरां? एका हातात लग्नाचा दाखला, दुसऱ्या हातात ओदिलबाईंची भाजीची टोपली. "ही माझी बायको बरं का!" आणि शिपायांचं मन आणखी राखावं म्हणून त्याने टोपली उंचावून आरोळी ठोकली, "सम्राटांचा विजय असो!"

ओदिलबाईंनी त्याच्या हातातून टोपली काढून घेतली. त्याची वाट न पाहता घराकडे चालू लागल्या. 

शंभर दिवसांत बोनापार्ट पुन्हा आपटला. पेपांनी सहावी की सातवी शपथ घेतली, मी मोजणं सोडलं होतं. जुलैतल्या एका रविवारी फ्लोरांने ओदिलबाईंना चौकात गाठलं, आणि या वेळी काही न बोलता खाडकन थोबाडीत दिली. टोपी कारंज्यात पडली. मी वही उघडली. "बाई, तक्रार सांगा."

"कसली तक्रार?" त्या गालावर हात ठेवून म्हणाल्या. "माझा पाय घसरला."

"आजी! अहो, तुम्ही शब्द दिला होता!"

"दिला होता, ज्याला वाचवलं त्याला. माझ्या तीन पोरांना खाणाऱ्याचा विजय माझी टोपली नाचवत मागणारा हा कोण, मी ओळखत नाही. त्याचा जयजयकार केलास ना? मग भोग त्याचा कायदा. उद्या सकाळी लाकडं फोडायची आहेत."

पुढच्या मे महिन्यात धर्मनिष्ठ राजाने काडीमोडच रद्द केला. मारून नाही, रडून नाही, कशानेच नाही. सप्टेंबरात क्लॉदीनचं लग्न मी दुसऱ्या वहीत लिहिलं, शेजारगावच्या पाववाल्याशी. फ्लोरां त्या दिवशी अंगणात कुऱ्हाड चालवत होता. आवाज कचेरीपर्यंत येत होता.

बोनापार्टला म्हणे समुद्रातल्या एका खडकावर ठेवलंय आणि तो रोज तक्रार करतो. करू दे. फ्लोरां दर नववर्षाला माझ्याकडे येतो, टोपी चुरगाळत उभा राहतो आणि विचारतो, "काका, वहीप्रमाणे आता केवढी झाली ती?"

मी पान उलटतो, वय सांगतो. आणि त्याने विचारलेलं नसतानाही, हेही सांगतो की ओदिलबाईंची आई एक्क्याण्णव वर्षं जगली. तिसऱ्या वहीतली ती ओळ माझ्याच अक्षरात आहे.