दोराखाली खोचलेली पिशवी

सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी काटेनाल्याच्या वळणावर पिकअप गाडीच्या टपावरून एक निळी कापडी पिशवी खाली पडली. गाडीत सत्तावीस माणसं होती. पडताना ती एकट्या आचलने पाहिली. ती ओरडली, "पिशवी पडली! लटारूकाका, पिशवी पडली!"

गाडी थांबली नाही. लटारूने आरशात पाहिलं आणि वेग वाढवला.

त्यात त्याचा दोष नव्हता. काटेनाल्यापासून आंबेटोलीपर्यंतचा सहा किलोमीटरचा रस्ता दाट जंगलातून जातो आणि त्या सहा किलोमीटरात कोणी गाडी थांबवत नाही. दिवाळीनंतर या पट्ट्यात वाघाने दोन माणसं मारली होती. एक गुराखी आणि एक सरपणाला गेलेली बाई. दोघंही भर दिवसा. तेव्हापासून दुचाकीवाले आंबेटोलीच्या फाट्यावर थांबून राहतात. दुसरी दुचाकी आली की बरोबर निघतात. याला तिथे 'जोड लागणं' म्हणतात. जोड लागली नाही तर माणूस तासभर चहा पीत बसतो. टपावरून काही पडलं तर ते पडलं, असाच हिशेब असतो.

पिशवी रुखमाची होती. गाडीतल्या कोणालाही हे पहिल्यांदा खरं वाटलं नाही, कारण गाडी रुखमानेच भरली होती.

मूल तालुक्यातल्या भेजटोला गावातून दर जानेवारीत एक टोळी मिरची तोडायला तेलंगणात जाते. दोन महिने शेतातच राहायचं. घरचा तांदूळ, भांडी, पांघरुणं, झोपडीवर टाकायची ताडपत्री, सगळं बरोबर न्यायचं. गावातून बल्लारपूरपर्यंत पिकअप, पुढे रेल्वे. टोळीचा प्रमुख मनसाराम एरवी तलावात जाळं टाकतो. माणसं गोळा करणं त्याला जमतं, सामान जमत नाही. चार वर्षांपूर्वी फलाटावर तांदळाचं चुंगडं, म्हणजे पोतं, फुटलं होतं आणि एका कुटुंबाची सगळी पांघरुणं तिथेच राहून गेली होती. त्याच्या पुढच्या वर्षापासून भरणं रुखमाकडे आलं.

तिची पद्धत ठरलेली होती. एका घराचे तीन नग. तांदळाचं चुंगडं, भांड्यांचा गंज म्हणजे मोठं पातेलं, आणि पांघरुणांची वळकटी. चौथी पिशवी ज्याची त्याने मांडीवर घ्यायची. चुंगडी उभी ठेवायची नाहीत, केबिनला लागून आडवी टाकायची, म्हणजे त्यांच्यावर माणसं बसू शकतात. गंजात गंज, मधल्या फटीत कपडे, त्यामुळे आवाजही नाही आणि कपड्यांना वेगळी जागाही नाही. डाळ गडव्यात, गडवा घागरीत. प्रत्येक घराच्या नगांना एकाच जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली, म्हणजे फलाटावर कोणाचं काय हे विचारावं लागत नाही. स्वतःचे तीन नग ती सर्वांत आधी, सर्वांत खाली टाकायची. बाकीच्यांनी कुरकुर करू नये म्हणून.

त्या सकाळी मनसारामची बायको, आचलची आई चंदाबाई तिखटाचा मोठा डबा घेऊन आली होती.

"मिरची तोडाले चाल्ली न् तिखट घरून नेतं वो?" रुखमा म्हणाली.

"थिथली मिरची तोडाची रायते, बाई. खाची नाई," चंदाबाई म्हणाली. "दोन महिने थिचा खकाना नाकात गेला का मंग तोंडात घ्या वाटत नाई."

"डबा गंजात घाल. वेगळा नग होणार नाई."

"कलेक्टरीन झाली तू तं!"

सगळं बसलं होतं. मग मनसारामचे तीन नातेवाईक शेजारच्या गावाहून आले. त्यांना सोडून जाता येत नव्हतं. माणसांचे गुडघे एकमेकांत अडकले आणि मांडीवरच्या पिशव्यांना जागा उरली नाही. रुखमाने त्या गोळा केल्या, केबिनच्या टपावर मांडल्या आणि दोराचे दोन वेढे घालून आवळल्या. एकूण नऊ पिशव्या. आठ बांधलेल्या. नववी, तिची स्वतःची, तिने गाठ मारून झाल्यावर दोराखाली खोचली.

नऊ वाजता फाट्यावर तिला त्या पिशवीतून एक गोळी काढायची होती. त्यासाठी सगळा दोर सोडावा लागू नये, एवढाच विचार होता. दुसऱ्या कोणी असं खोचलं असतं तर तिने ते चालू दिलं नसतं.

गोळी रश्मीसाठी होती. रश्मी तिची मुलगी, वय चौदा. तिला सिकलसेलचा आजार आहे. गेल्या वर्षी मिरचीच्या शेतात तिचे हातपाय आणि छाती इतकी दुखायला लागली की चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं आणि दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. या वर्षी रुखमाने सांगितलं होतं, दोन महिन्यांच्या गोळ्या हातात असल्याशिवाय गाव सोडणार नाही. तिचा नवरा गुलाब त्यासाठी तीनदा चंद्रपूरला जाऊन आला. गोळ्या, रश्मीचं कार्ड आणि रक्ताचे जुने रिपोर्ट त्या निळ्या पिशवीत होते. घरी मुलीला ठेवण्यासारखं कोणी नव्हतं.

आठ बावन्नला गाडी आंबेटोलीच्या फाट्यावर थांबली. रुखमा उतरली, टपाकडे पाहिलं, दोराला हात लावला. आठही पिशव्या जागच्या जागी होत्या.

"लटारूभाऊ, मांगं घ्या."

"बाई, सत्तावीस माणसं हायेत गाडीत. थो वळण थांबाची जागा नाई."

"थांबू नका. हळू करा, मी उडी मारतो," रुखमा म्हणाली.

"न् मंग तुले नेऊ कसा?"

मनसारामने घड्याळ पाहिलं. बल्लारपूरची गाडी साडेबाराची होती. फाट्यावरून बल्लारपूर सव्वा तास. "गोळ्या उद्या घेऊ गा," तो गुलाबला म्हणाला. "थिकडंबी दवाखाने हायेत."

"कार्डाबिगर थिकडं कोणी आईकत नाई," गुलाब म्हणाला. "मांगच्या साली पायलं ना तुम्ही. दोन तास नुसतं ईचारतच बसले होते, काय झालं म्हणून."

फाट्यावर पोचूचं चहाचं आणि पंक्चरचं दुकान आहे. पोचूने त्याची मोटारसायकल द्यायची तयारी दाखवली, पण अट घातली. "जोड लागू दे. एकटा जाऊ नको, भाऊ. माह्या गाडीसाठी नाई म्हणत."

नऊ वाजून पाच मिनिटांपासून गुलाब गाडीवर बसून राहिला. त्या बाजूला जाणारं कोणी आलं नाही. धुकं अजून झाडांच्या खाली अडकून होतं. वीस मिनिटं झाली. मनसारामने दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोन्ही वेळा गुलाबने ते पाहिलं.

"सा किलोमीटर तं हाये," गुलाब म्हणाला. "गेलो न् आलो."

"आईकता का," रुखमा म्हणाली. "दिसली तरच थांबजा. नाई दिसली तं सरळ काटेनाल्याच्या पल्याड जाजा न् जोड घेऊन येजा."

"हो."

"गाडी बंद करू नका."

"हो ना वो."

तो नऊ पंचवीसला निघाला. रश्मी पोचूच्या बाकावर बसली होती. तिने त्याला हात केला. त्याने हॉर्न वाजवला.

नऊ एकेचाळीसला रुखमाचा फोन वाजला. काटेनाल्याच्या चढावर रेंज मिळते.

"सापडली," गुलाब म्हणाला. "रोडावर नाई, खाली गवतात गेली हाये. दिसून रायली मले."

"किती खाली?"

"दहा-बारा पावलं."

मोटारसायकलच्या इंजिनाचा आवाज येत नव्हता. ते रुखमाच्या लक्षात आलं. तिने विचारलं, "गाडी काऊन बंद केली?"

"उतारावर उभी रायत नाई ना. स्टँडवर लावली." मग तो म्हणाला, "माकडं लय ओरडून रायले इथी."

जंगलात राहणाऱ्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. माकडं उगीच तसं ओरडत नाहीत. उंचावरून त्यांना खालचं दिसतं.

"गाडीवर बसा," रुखमा म्हणाली. "राहू द्या पिशवी. गाडीवर बसा न् निंगा."

"इथीच तं हाये. आणतो न् निंगतो."

"आईका माह्यं."

फोन कट झाला. त्याने ठेवला की रेंज गेली, हे कळायला मार्ग नाही.

नऊ पन्नासला तिने फोन लावला. घंटी वाजली, उचलला नाही. नऊ चोपन्नला पुन्हा. नऊ अठ्ठावन्नला पुन्हा. दहा वाजून सहा मिनिटांनी काटेनाल्याकडून एसटी आली. रुखमा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, तेव्हा ड्रायव्हरने थांबवली.

वळणावर मोटारसायकल पाहिली, असं तो म्हणाला. स्टँडवर उभी होती, किल्ली गाडीलाच होती. माणूस दिसला नाही. त्याने लांबलचक हॉर्न दिला आणि पुढे निघाला. बसमध्ये चाळीस माणसं होती.

"पिशवी होती का गाडीवर?" रुखमाने विचारलं.

ड्रायव्हर आठवत राहिला. "हँडलले काहीतरी निळं होतं," तो म्हणाला. "हो. निळंच."

म्हणजे तो खाली उतरून वर आला होता. पिशवी हँडलला लावेपर्यंत तो रस्त्यावर होता.

पोचूने वनरक्षकाला फोन केला. उत्तर आलं, कोणीही आत शिरू नका, पथक निघालं आहे, तासभर लागेल. फाट्यावर आता पंधरा-वीस माणसं जमली होती. चार जण काठ्या घेऊन निघायला तयार झाले, मग त्यांच्यातलेच दोघे म्हणाले की बंदूकवाला येऊ दे. कोणी निघालं नाही.

पावणेअकराला मनसाराम रुखमाजवळ येऊन उभा राहिला. 

"तुमी निंगा, भाऊ," तीच म्हणाली.

"तुह्यं सामान उतरवतो."

रुखमाने गाडीकडे पाहिलं. तिचे तीन नग सगळ्यात खाली होते. त्यांच्यावर सात घरांची चुंगडी, चुंगड्यांवर गंज, गंजांवर वळकट्या आणि त्यांच्यावर माणसं. सगळं उतरवायला वीस मिनिटं, पुन्हा भरायला अर्धा तास. तिने हे मनातल्या मनात मोजलं आणि मान हलवली.

"राहू द्या. तुमची गाडी चुकन."

"तांदूळ थिकडं जाईन तुहा."

"जाऊ द्या."

चंदाबाई गाडीतून उतरली. मनसाराम तिच्याकडे बघत राहिला.

"पायता काय?" ती म्हणाली. "आचल करन सैपाक. पोरगी धाकटी नाई आता. मी हिच्यासंगं हावो."

दहा बावन्नला पिकअप गेली. उरलेल्या आठ पिशव्या टपावर घट्ट होत्या.

अकरा पस्तीसला वनविभागाची गाडी फाट्यावरून पुढे गेली. सहा माणसं, एक बंदूक, फटाके. रुखमाला बरोबर येऊ दिलं नाही. पोचूला घेतलं, मोटारसायकल ओळखायला.

बारा चाळीसला पोचू परत आला. मोटारसायकल तो चालवत आणत नव्हता, ती वनविभागाच्या गाडीत आडवी घातली होती. निळी पिशवी त्याच्या हातात होती. तिच्या बंदांना दोन गाठी मारलेल्या होत्या आणि गाठींत गवताची पाती अडकली होती. रुखमाने पिशवी उघडून सगळं बाहेर काढलं आणि बाकावर मांडलं. गोळ्यांची पाकिटं, कार्ड, रिपोर्ट. काही हरवलेलं नव्हतं. तिने पोचूकडून पाणी घेतलं आणि रश्मीला राहिलेली गोळी दिली.

"मी नाई घेत," रश्मी म्हणाली.

"घे."

रश्मीने घेतली.

पोचूने जे पाहिलं ते त्याने बायकांना नाही, बाहेरच्या माणसांना सांगितलं. चंदाबाईने ते ऐकलं. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, पिशवी पडली त्याच्या समोरच्या बाजूला, गुलाबची एक चप्पल होती. रक्त नव्हतं. ओढत नेल्याची खूण नव्हती. नाल्याच्या वाळूत वाघाचे पंजे उमटलेले होते, पण वनरक्षक म्हणाला की ते कालचे असावेत, कडा कोसळल्यात. नाल्यापासून अर्ध्या किलोमीटरवर बांबूचं रान सुरू होतं. पथक तिकडे गेलं.

दोन वाजता काटेनाल्यापलीकडच्या गावातून एका ट्रकवाल्याची खबर आली. दहाच्या सुमाराला त्याने रस्त्यापासून आत एक माणूस पळताना पाहिला होता. शर्ट पांढरा होता की पिवळा, हे त्याला सांगता येत नव्हतं. गुलाबचा शर्ट राखाडी आहे.

गुलाबचा फोन दिवसभर वाजत राहिला. रश्मी दर पाच मिनिटांनी लावत होती आणि प्रत्येक वेळी पूर्ण घंटी वाजून बंद होत होती. तीन वाजता चंदाबाई तिला म्हणाली, "बॅटरी संपन पोरी, लावू नको." मग ती दर पंधरा मिनिटांनी लावू लागली.

चार वाजून बत्तीस मिनिटांनी फोन उचलला गेला.

रश्मीने "बाबा" म्हटलं. पलीकडून कोणी बोललं नाही. तिने पुन्हा म्हटलं. रुखमाने तिच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. श्वास ऐकू आला का, हे तिला नंतर वनरक्षकाने दोनदा विचारलं. तिने सांगितलं, पानांचा आवाज होता. दुसरं काही सांगता येत नाही.

फोनमधल्या नोंदीनुसार कॉल अकरा सेकंदांचा आहे. त्यानंतर गुलाबचा नंबर बंद लागतो. पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत पथक बांबूच्या रानातून बाहेर आलेलं नव्हतं.