मोहनाचा कढीपत्ता

पन्नाशी उलटल्यावर मोहनाने गच्चीतल्या कुंड्यांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. लेकीने, सानवीने, आधीच बजावलं होतं, "आई, फक्त फुललेलीच झाडं दाखव हं." मोहनाही नटूनथटून, गोड गोड बोलून जास्वंदी आणि मोगरे दाखवत राहिली. बघणारे कोण, तर घरचे आणि पादरा गावात राहणारी नणंद.

मग एका सकाळी तिच्या लाडक्या कढीपत्त्याने मान टाकली. मोहनाचं डोकंच फिरलं. अंगावरच्या गाऊनसकट तिने मोबाइल कुंडीवर रोखला. "बघा! पाणी घालून घालून मीच मारला याला. एवढे लाड करायला कुणी सांगितलं होतं मला?" रागारागात तिने तो व्हिडिओ तसाच टाकून दिला.

संध्याकाळपर्यंत अनोळखी लोकांनी आपापल्या मेलेल्या झाडांचे फोटो पाठवले. तेव्हापासून मोहना फुललेलं दाखवते, तसं मेलेलंही दाखवते.

परवा सानवीबरोबर भाजीबाजारात गेली असताना एक गुजराती बाई तिला बघून थबकल्या. "केम छो, बेन? तुम्हीच ना त्या, ज्यांची झाडं मरतात?"

सानवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोहनाने मात्र मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि खुशीत विचारलं, "हो, मीच! तुमचं कुठलं गेलं?"