शिंपी की वटवट्या

वसाहतीतले सगळे तिला सिस्टर म्हणायचे. बाळंतपणाच्या वॉर्डात तिची उभी हयात गेली होती, निम्म्या गल्लीला पहिली आंघोळ तिनंच घातली होती. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून तो पेंटर. चारचौघांत कधी त्याच्याही तोंडून चुकून ‘सिस्टर’ अशी हाक निघायची आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे.

निवृत्तीनंतर आलेल्या एका तापानं सिस्टरचे दोन्ही कान नेले. पुढं ऑपरेशन झालं, आत तार बसवली, कानामागं यंत्र लागलं. यंत्र सुरू झाल्यावर पहिला आवाज आला तो पेंटरचा, “येतंय का गं ऐकू?” पण तिला वाटलं, कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळवतंय. तिला रडूच कोसळलं.

“घाबरू नका,” यंत्र जुळवून देणारी मुलगी ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली. “कान ऐकतोय, मेंदूला अजून ओळख पटत नाही. घरी एकमेकांसारखे दोन आवाज निवडा आणि ते वेगळे ओळखायचा रोज सराव करा.”

सिस्टरनं शिंपी आणि वटवट्या निवडले. घरामागं पेरूचं झाड होतं, कुंपणावर दाट वेल होता, आणि या दोघांचा तिथं दिवसभर धुडगूस चालायचा. दोन्ही पक्षी मुठीत मावतील एवढे, दोन्ही मेले एका जागी बसतील तर शपथ. ताप येण्याआधी ती स्वयंपाक करता करता नुसत्या आवाजावरून त्यांना ओळखायची. शिंपी ‘टुविट टुविट’ करत एकच पालुपद लावून धरतो. वटवट्या किरकिऱ्या, आणि उडताना पंखांचा असा चटचट आवाज करतो की वाटावं, वायरीतून ठिणग्या उडतायत.

सकाळी ती मागच्या पायरीवर झाडाकडं पाठ करून बसायची. पेंटर समोर खुर्ची टाकून झाडाकडं बघायचा. पाखरू ओरडलं की ती नाव सांगायची. बरोबर असेल तर तो अंगठा दाखवायचा, चूक असेल तर नुसती मान हलवायचा.

त्याची मान फार वेळा हलायची. काल जो आवाज शिंपीचा ठरला, तोच आज वटवट्याचा निघायचा. तिला काही ताळमेळच लागेना. पेंटर बिचारा धीर द्यायचा, “होईल गं हळूहळू.” पण त्याचा पडलेला चेहरा तिला दिसत होताच. शेवटी एका सकाळी तिनं यंत्र काढून कपाटात ठेवून दिलं.

“बस झालं. माझं डोकंच ही पाखरं एकात एक मिसळतंय. आपली शांतता बरी.”

पेंटरनं वाद घातला नाही. दुपारी मात्र यंत्र आणून मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवलं आणि पाटी रंगवायला निघून गेला. त्याचं ते गप्प राहणंच तिला जास्त लागलं. तिनं यंत्र कानामागं अडकवलं आणि दोरीवरचे कपडे काढायला मागं गेली.

वेलातून चटचट आवाज आला. ‘वटवट्या,’ ती मनात म्हणाली, आणि सवयीनं वळून बघितलं. हातभरावर पाखरू बसलं होतं. राखाडी डोकं, राखाडी पाठ, फिकट नारिंगी पोट. वटवट्याच! शेपटी झेंड्यासारखी उभी.

ती कपडे तसेच खांद्यावर टाकून थांबली. थोड्या वेळानं पेरूवरून ‘टुविट टुविट’ आलं. आधी नाव घेतलं, मग बघितलं. हिरवी पाठ, कपाळावर तांबूस ठिपका. शिंपी. पुन्हा वटवट्या. पुन्हा शिंपी. एकदाही चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेंटरला विचारलं, “अहो, तुम्ही कशावरून ओळखता?”

“शेपटीवरून. उभी म्हणजे शिंपी, आडवी म्हणजे वटवट्या. तूच नाही का सांगितलंस, शिंपी शेपटी उभारून फिरतो म्हणून?”

“अहो, वटवट्यापण उभारतो!”

“काय सांगतेस?”

“आणि रंग? जन्मभर रंगात हात घालून बसलात ना?”

“सकाळी ऊन माझ्या तोंडावर येतं गं. मला सगळी पाखरं काळीच दिसतात.”

मग त्याला एकदम उमगलं. तो खुर्चीतून अर्धवट उठला. “म्हणजे इतके दिवस तुझं बरोबर होतं? आणि मी तुला नापास करत होतो?”

त्याचा चेहरा इतका कसनुसा झाला, की तिच्या तोंडावर आलेला राग तिथंच विरला. ती हसायला लागली ती थांबेचना. स्वतःचं हसू कितीतरी दिवसांनी तिला ऐकू येत होतं, जरासं चिरकं, पण हसूच.

“उठा,” ती म्हणाली. “माझ्या जागी बसा. आता मी विचारते, तुम्ही ओळखा.”

पहिल्या सकाळी पेंटरची दांडी सपशेल गुल झाली.

त्या आठवड्यात ती दोघं यंत्र दाखवायला गेली. यंत्र जुळवणाऱ्या त्या मुलीनं तोंडासमोर कागद धरला आणि एकेक शब्द म्हटला. सिस्टरनं ‘वाट’ला ‘वात’ म्हटलं, बाकी सगळे शब्द ओळखले. मुलीनं कागद खाली घेतला तर तीच जास्त खूश दिसत होती. “घरी सराव कोण घेतं?”

“हे घेतात,” सिस्टर म्हणाली. “फार कडक मास्तर आहेत.” पेंटर छताकडं बघत राहिला.

परतताना पेंटर एका दुकानाची पाटी बघत रस्त्यातच रेंगाळला. मागून सायकलची घंटा वाजली. सिस्टरनं त्याला दंडाला धरून बाजूला खेचलं.

“अहो, बहिरे आहात का?” ती ओरडली, आणि मग दोघंही भर रस्त्यात हसत उभी राहिली.