अर्ध्या छताखालची पाण्याची नळी

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची नळी आहे आणि माझ्या पोटात आजवर साध्या पाण्याशिवाय काहीही पडलेलं नाही! हसू नका. रक्त गरगर फिरवणाऱ्या यंत्रात एका खाचेत रक्ताची नळी ठेवली, की बरोबर समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाचं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. मी नसले तर यंत्र अंगात आल्यासारखं थरथरतं!

कारखान्यात माझ्यासोबत हजारो बहिणी जन्मल्या. त्यांच्यात रक्त भरलं गेलं आणि एकेका दिवसात त्यांचं आयुष्य संपलं. मी मात्र एका इस्पितळाच्या लॅबमध्ये टिकले. लॅबच्या ताई मला काट्यावर तोलायच्या, थेंब थेंब पाणी वाढवायच्या आणि म्हणायच्या, "जमली गं तुमची जोडी!" माझी मान ताठ व्हायची.

मग एक नवी चकचकीत नळी आली. कुणीतरी माझ्यात वेलीची फांदी खोचून मला खिडकीत उभं केलं. माझं तोंड कायम वर, त्यामुळे दिवसभर बघायला काय, तर छत!

तेही अर्धंच पांढरं. रंगारीकाका ते रंगवत होते. हात डोक्याच्या वर, ओठांवर शीळ. अचानक ब्रश खाली पडला आणि काका शिडीला बिलगले. त्यांच्या खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, फाटली होती.

"छतासाठी दुसरं कुणी बोलवू का?" ताईंनी विचारलं.

"खबरदार! ते छत माझं. हात वर गेला की मीच पुरं करणार."

"आणि नाही गेला तर?" त्यांना न्यायला आलेल्या काकू पुटपुटल्या.

ऑपरेशनच्या दिवशी रक्त काढताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हे रक्त फिरवून प्लेटलेट्सनी भरलेला पिवळा भाग वेगळा काढू आणि कंडरा शिवली की तिथेच सोडू. जखम भरायला मदत होते."

"माझंच रक्त मलाच? म्हणजे आपलीच भाजी शेजारणीच्या वाटीतून!"

"मदत म्हटलंय हं, जादू नाही. बाकी टाके, विश्रांती आणि व्यायाम."

काकांना आत नेलं. ताईंनी रक्ताची नळी यंत्रात ठेवली, समोर ती नवी. आणि यंत्र टेबलावर चक्क नाचायला लागलं! ताईंनी झटकन बंद केलं. नवीला तडा गेला होता, पाणी गळून गेलं होतं. आत काका टेबलावर, बाहेर रक्त ताटकळलेलं! ताईंची नजर भिरभिरली आणि खिडकीवर थांबली.

"अगं बाई, तू!"

फांदी गेली पेल्यात. मी धुतले गेले, काट्यावर चढले. पाणी जरा वाढलं, जरा कमी झालं आणि आम्ही दोघी बरोब्बर! मग काय फिरलो म्हणता! यंत्र मांजरासारखं घुरघुरत राहिलं. थांबलो तेव्हा समोरच्या नळीत तांबडं तळाशी आणि वर पिवळंधमक पाणी. ते तडक आत गेलं.

पुढे काकांचा हात झोळीत अडकला. "ब्रश दिसला की हात शिवशिवतात यांचे! झोळी सोडलीत तर दुसराही बांधून ठेवीन," काकूंचा दम! नंतर काका व्यायामाला येऊ लागले. ज्या भिंती जन्मभर रंगवल्या, त्यांच्यावर आता त्यांची बोटं मुंगीच्या पावलांनी चढत होती. आज खांद्यापर्यंत, मग कानापर्यंत, मग डोक्याच्याही वर!

आणि एके सकाळी लॅबमध्ये शिडी आली. डॉक्टरीणबाई दारात, ताई यंत्रावर चादर टाकून उभ्या, काकूंच्या मुठी आवळलेल्या. काकांनी ब्रश बुडवला. हात वर गेला, आणखी वर गेला आणि छताला टेकला! पहिला पट्टा उमटला आणि त्यापाठोपाठ ती शीळ!

"बघत काय बसलात? टपकेल डोक्यावर!"

टपकलाच एक थेंब. नेमका माझ्यावर!

"'नाही गेला तर' म्हणाले होते ना मी?" काकू रडत रडत हसल्या. "घ्या, गिळला शब्द!"

ताई मला पुसायला धावल्या, तर त्यांच्याकडूनच माझी गोष्ट ऐकलेले काका वरून ओरडले, "राहू द्या! तिचाही वाटा आहे यात."

आता मी पुन्हा समोरच्या खाचेत फिरते. त्या ठिपक्याने माझं वजन वाढलंय, म्हणून ताई माझ्यात पाणी थेंबभर कमी भरतात. मित्रांनो, कुणी चमकताना दिसलं, की त्याच्या समोरच्या खाचेत कोण आहे तेही बघत जा. त्यालाही धुवा, जपा, अडगळीत टाकू नका. माझा पांढरा ठिपका तेवढा पुसू नका!