पहिली ओंजळ रत्नाकररावांची

मी हातपंप बोलतोय. अड्यारमधल्या एका अरुंद गल्लीत, हेमावतीबाईंच्या दारापासून चार पावलांवर उभा असतो. रंग हिरवा, दांडा जरा वाकडा, स्वभाव त्याहून वाकडा. लोखंडाला राग येत नाही असं वाटत असेल, तर आधी माझं ऐका.

गुम्मिडिपूंडीच्या एका भट्टीत माझं लोखंड ओतलं गेलं. राणोजी प्लंबरनं मला इथे आणून पिण्याच्या पाण्याच्या सरकारी नळाला जोडलं. नळाला जोर नसतो, म्हणून दांडा मारून पाणी ओढायचं. पहाटे साडेपाचपासून प्लास्टिकच्या रंगीत कुडमांची, म्हणजे घागरींची, रांग लागायची. बायका भांडायच्या, हसायच्या, सुनांची उणीदुणी काढायच्या. दांड्याला तेल घालायचं मात्र एकीलाही कधी सुचलं नाही.

पुढे घरोघरी पाण्याचे कॅन आले आणि मी भांडी-कपड्यांपुरता उरलो. हेमावतीबाई तेवढ्या मला विसरल्या नाहीत. तंजावरच्या जुन्या मराठी घरातली बाई. पिण्याला त्यांच्याकडेही कॅनच, पण देवाला ते पाणी चालत नसे. कुणी भरलं, कुठे भरलं, किती दिवस प्लास्टिकमध्ये राहिलं, कुणास ठाऊक! असलं शिळं पाणी देवाच्या अंगावर कसं घालायचं? म्हणून रोज ओलेत्यानं येऊन त्या माझ्याकडून तांब्याभर ताजं पाणी नेत. देवाला अभिषेक होई आणि त्याचं तीर्थ नातीच्या, दिव्यश्रीच्या, तळहातावर पडे. आठ वर्षांची पोर. दोनदा मागून घेई. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

समोर रत्नाकररावांनी तीन मजली घर बांधायला काढलं. मूळचे नाशिकचे, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला गोड. त्यांच्या संडासाचा पाइप टाकायला खड्डा खणत होते, तेव्हा पहारीचा घाव आमच्या पिण्याच्या नळावर बसला. मी बघत होतो.

राणोजी खड्ड्यातून ओरडला, "सार, तण्णीच्या पाइपाला भेग पडली. ऑफिसला सांगूं, बदलून घेऊं."

"आता कसलं ऑफिस? दोन महिन्यांवर मुहूर्त आलाय, रस्ता उकरून ठेवतील," रत्नाकरराव म्हणाले. "सायकलची ट्यूब गुंडाळ आणि माती ओढ. आपल्याला काय, आपलं बोअर आहे, फिल्टर आहे."

माती ओढली गेली. नळ बंद झाला की त्या भेगेतून शेजारच्या गटाराची घाण आत झिरपायची. माझ्या पोटात काय येतंय ते मला कळत होतं. मी कुरकुरलो, कोरडा खोकलो, एकदा गढूळ धारही काढली. हेमावतीबाईंनी तांब्यावर फडकं धरलं, पाणी गाळलं आणि देवाला नेलं. त्या दिवशी मला तोंड का नाही, याचा संताप आला.

पाचव्या आठवड्यात दिव्यश्रीचे डोळे पिवळे झाले. इस्पितळात ठेवावं लागलं. दूषित पाण्यानं झालेली कावीळ, डॉक्टर म्हणाले. "पण आम्ही कॅनचंच पितो हो," तिचे वडील व्यंकटेश पुन्हा पुन्हा सांगत राहिले. हेमावतीबाईंना मात्र तीर्थ आठवलं. घरी येऊन माझ्यापुढे मटकन बसल्या. राणोजीनं मान खाली घालून त्यांना सगळं सांगितलं ते तिथेच.

"माझ्या हातानें दिलें मी पोरीला," एवढंच त्या म्हणाल्या. उठल्या तेव्हा डोळे कोरडे होते. मी मनात म्हटलं, बाई, आता त्या समोरच्याला सोडायचं नाही.

व्यंकटेशनं पाण्याच्या ऑफिसात तक्रार केली. प्लंबरचा नुसता शब्द चालत नाही, पाइप फुटल्याचा पुरावा आणा, मग खणू, असं उत्तर मिळालं.

गृहप्रवेशाच्या दिवशी नादस्वरम वाजत होतं, गल्ली जेवायला जमली होती. सगळ्यांत वडीलधाऱ्या म्हणून तीर्थ द्यायचा मान हेमावतीबाईंचा. भरल्या गल्लीत त्यांनी माझा दांडा मारला आणि चांदीचं भांडं भरून घेतलं.

"हात पुढें करा सार. देवाचें तीर्थ आहे."

रत्नाकरराव अडखळले. "आजी, पाणी... कुठलं?"

"दारांतल्या पंपाचें. कां? काय झालें पंपाला?"

तीर्थाला नाही म्हणता येत नाही. पळीभर पाणी त्यांच्या तळहातावर पडलं. पाहुणे रांगेत ताटकळले होते, त्यांच्यामागे हात पुढे करून उभी होती त्यांचीच सून क्षमा. पी, मी रत्नाकररावांना म्हणत होतो, पी ना! खोटं कशाला बोलू, त्यांनी प्यावं असंच मला वाटत होतं. हेमावतीबाईंनाही, बहुतेक. त्यांनी क्षमासाठी पळी भरली.

रत्नाकररावांनी पळी हिसकावली. हातातलं तीर्थ जमिनीवर सांडलं. "पिऊ नका कुणी! पाइप फुटलाय. मला माहीत होतं."

नादस्वरम थांबलं. दोन दिवसांत रस्ता खणला गेला, त्यांच्या नव्या पायऱ्या फुटल्या, नवा पाइप पडला. दिव्यश्री घरी आली, अर्धी होऊन. गल्ली माफ करायला तयार होती. हेमावतीबाई नव्हत्या.

"पोलिसांत जात नाही मी," त्या म्हणाल्या. "पण रोज पहिली ओंजळ तुमची. मग आमचे कुडम."

तेव्हापासून साडेपाचला ते येतात. बायका कुडम घेऊन मागे थांबतात. मी मुद्दाम चार दांडे कोरडे काढतो, मग धार सोडतो. ते ओंजळ नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि पितात. नंतर दिवसभर पोट चाचपत फिरतात.

पाणी तपासून झालंय. शुद्ध असल्याचा कागद हेमावतीबाईंच्या देव्हाऱ्यात आहे. पोरीच्या अंगावर मांस चढलं की मग त्यांना दाखवीन, म्हणतात. मला घाई नाही.

या गल्लीत आलात तर माझं पाणी पोटभर प्या. एकच विनंती आहे. समोरच्या घरात यातलं काही बोलू नका.