मंगळवारचे धुतलेले बटाटे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि नॉर्मा एंटविसल जन्मभर शहाणीच होती. एकाहत्तर वर्षांत तिनं कुणाशी उभा दावा मांडला नव्हता. तीस वर्षं शाळेच्या दारात उभी राहून ती मुलांना रस्ता ओलांडून द्यायची, आणि ज्या मोटारी तिनं पाटी दाखवून थांबवल्या त्यांनाही हलक्या आवाजात सॉरी म्हणायची. बाजारात दुसऱ्याने हिच्या पायावर पाय दिला तरी सॉरी हीच म्हणणार. आता इंग्लंडातल्या या थॉर्नबेक गावात तसे सगळेच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण नॉर्मा कपाटाला आपटली तर कपाटाची माफी मागायची, म्हणजे बघा.

अशा बाईच्या दारात एप्रिलमध्ये कोर्टाचं पाकीट पडलं. ब्रॅमफोल्ड पार्किंग नावाच्या खाजगी कंपनीनं तिच्यावर दावा लावला होता. इस्पितळासमोरच्या सुपरमार्केटच्या वाहनतळावर दोन तासांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी केली, तीही पाच वेळा. या गोष्टीला साडेपाच वर्षं झालेली. दंड, दंडावर वसुलीचा खर्च, त्याच्यावर व्याज, असं करत करत रक्कम साडेअकराशे पौंडांवर नेलेली. स्वयंपाकघरातला बॉयलर दोन हिवाळे खोकत होता आणि नव्या बॉयलरसाठी नॉर्मानं बाजूला ठेवलेले पैसे होते बाराशे.

ती पाकीट घेऊन शेजारच्या ॲव्हरिलकडे गेली. ॲव्हरिल शाळेच्या ऑफिसात कारकून होती, आणि निवृत्त झाली तरी तिच्यातली कारकून काही निवृत्त झाली नव्हती.

"गाडी तुझ्या नावावर आहे," ॲव्हरिल चष्मा वर ढकलत म्हणाली. "पण तू चालवतेस कुठे?"

"प्रेस्टनच्या त्या मोठ्या चौकात तीनदा गोल फिरले तेव्हापासून हात नाही लावला. क्लिफर्डच चालवायचा."

"आणि या नोटिसा तेव्हा आल्या नव्हत्या?"

"आल्या असतील. त्यानं कचऱ्यात टाकल्या असणार. मळ्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांचं ते ठरलेलं होतं ना, खाजगी कंपनीची चिठ्ठी म्हणजे रद्दी, पोलिसांची असेल तरच उघडायची."

मळा म्हणजे नगरपालिकेनं भाड्यानं दिलेला भाजीपाल्याचा तुकडा. इस्पितळापासून चार मैल. क्लिफर्डचा अर्धा जन्म तिथं गेला होता. तीन वर्षांपूर्वी हृदय बंद पडून तो गेला, तेव्हाही त्याच्या नखांत तिथली माती होती.

"उंटावरचे शहाणे सगळे," ॲव्हरिल म्हणाली. "बरं, तारखा कसल्या आहेत या? पाचही मंगळवार."

नॉर्मानं कागद आपल्याकडे वळवला. "माझी केमो," ती म्हणाली. "तो मला दारात सोडायचा आणि मळ्यावर जायचा. साडेतीनला घ्यायला यायचा. लवकर येऊन तिथं थांबत असेल. त्याला इस्पितळात बसवत नसे."

हे ॲव्हरिलला माहीत होतं. साऱ्या गल्लीलाच माहीत होतं. नॉर्मा सहा-सहा तास नळी लावून पडलेली, इतर बायकांचे नवरे शेजारी बसून शब्दकोडी सोडवतायत, आणि हिचा नवरा बटाटे खणतोय. संध्याकाळी पिशवीभर बटाटे आणून ओट्यावर ठेवायचा, जसं काही त्यानं भरपाई होणार होती. नॉर्मा कधी कुणाला उलट बोलली नाही, फक्त एकदा बोलली, तेही त्यालाच. शेवटच्या मंगळवारी पिशवीकडे बघून ती म्हणाली, "मी तिथं मरत होते आणि तू बटाटे उपटत होतास." क्लिफर्ड नुसता "हो" म्हणाला आणि पिशवी उचलून मागच्या खोलीत घेऊन गेला. जगाला सॉरी म्हणणाऱ्या बाईनं त्या वाक्याबद्दल कधीच सॉरी म्हटलं नाही. राग गेला नव्हता, आजही नव्हता.

"पैसे भरून मोकळी होऊ का गं?" नॉर्मानं विचारलं.

"भर आणि हिवाळ्यात माझ्या घरी येऊन आंघोळ कर. अगं, कायद्यानं नोटीस चौदा दिवसांच्या आत घरी यायला हवी. यांनी पाठवल्याच आहेत वीस-वीस दिवसांनी. मग गाडीच्या मालकाला धरता येत नाही, जो चालवत होता त्यालाच धरावं लागतं. तू चालवत नव्हतीस. संपलं."

संपलं कसलं. इथंच घोडं पेंड खात होतं. ब्रॅमफोल्डकडे नॉर्माच्या हातचं एक पत्र होतं. केमो झाली त्याच वर्षी डिसेंबरात एक स्मरणपत्र तिच्या हाती लागलं होतं, त्यावर फक्त एक नंबर आणि रक्कम. काय, कधी, कुठे, काही न विचारता तिनं सवयीनं लिहून टाकलं: झाल्या प्रकाराबद्दल मनापासून सॉरी, पुन्हा असं होणार नाही, आपल्याला उगाच तसदी पडली. खाली सही. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

ॲव्हरिलनं कैफियत लिहिली, नॉर्मानं साक्षीचा कागद लिहिला, खरं तेच: नवरा मला दारात सोडून मळ्यावर जायचा. कंपनीचा जाडजूड गठ्ठा नंतर आला. नॉर्माला ते मंगळवार पुन्हा बघायचे नव्हते, तिनं तो उघडलाच नाही. ॲव्हरिलनं उघडला, पण चौदा दिवसांच्या आनंदात तिनं फक्त तारखा बघितल्या. वेळा बघितल्याच नाहीत.

ऑक्टोबरात सुनावणी झाली. नॉर्माला वाटलं होतं उंच आसन असेल, डोक्यावर केसांचे टोप असतील. निघाली साधी खोली, एक लांब टेबल, त्याच्या टोकाला करड्या स्वेटरमधल्या न्यायाधीश बाई, त्यांचं नाव क्विल. कंपनीकडून फेअरब्रदर नावाचा वकील आला होता. तिशीचा, नम्र, त्या दिवसापुरता नेमलेला. त्यानं कागद पुढे सरकवताना कोपरानं नॉर्मासमोरचा पाण्याचा पेला उडवला. पाणी तिच्या मांडीवर.

"सॉरी," नॉर्मा म्हणाली.

"नाही नाही, ठीक आहे," फेअरब्रदर म्हणाला, आणि टिश्यूनं आपले कागद पुसायला लागला. ॲव्हरिलनं छताकडे बघितलं.

मग त्यानं ते पत्र वाचून दाखवलं. "मॅडम, हा स्वच्छ कबुलीजबाब आहे. जिनं गाडी लावली नाही ती माफी कशाला मागेल?"

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मिस्टर फेअरब्रदर, आत्ता पाणी कुणी सांडलं?"

"मी, मॅडम."

"आणि माफी कुणी मागितली?"

त्याचे कान लाल झाले. बाईंनी पत्र उलटं करून बाजूला ठेवलं. "यावरून मी काही ठरवणार नाही. दुसरं काही आहे?"

दुसरं होतं, आणि ते वाईट होतं. फेअरब्रदरनं गठ्ठ्यातलं पान काढलं. वाहनतळाच्या तोंडाशी कॅमेरा असतो, गाडी आत शिरली की एक फोटो, बाहेर पडली की दुसरा. "मिसेस एंटविसल, तुमच्या कागदात आहे की तुमचे पती तुम्हाला सोडून चार मैलांवरच्या मळ्यावर जायचे. बरोबर?"

"बरोबर."

"पहिला मंगळवार. गाडी आत, नऊ वाजून बारा मिनिटं. बाहेर, तीन एकेचाळीस. दुसरा. आत नऊ चौदा, बाहेर तीन अडतीस. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे तसेच. गाडी दिवसभर जागची हललेली नाही. मग मळ्यावर गेले कसे? चालत? मला वाटतं तुम्ही स्वतः गाडी चालवत आलात, समोर लावलीत, उपचार घेतलेत आणि चालवत घरी गेलात. वेळा तंतोतंत जुळतात. आता जे नाहीत त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे."

ॲव्हरिलच्या तोंडाला कुलूप लागलं, आणि हे तिच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. नॉर्मानं पान आपल्याकडे ओढलं. काळा-पांढरा फोटो, मागची नंबरपाटी, मागची काच. काचेतून दिसणाऱ्या फळीवर थर्मास आडवा ठेवलेला.

"बटाटे," ती म्हणाली.

"काय म्हणालात?" क्विलबाईंनी विचारलं.

"बटाटे धुतलेले असायचे, मॅडम." तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "मळ्यावरचे बटाटे तो मातीसकट आणायचा. चाळीस वर्षं मी त्यावरून कुरकुर केली, सिंक तुंबतं म्हणून. मंगळवारचे तेवढे स्वच्छ असायचे. मला वाटायचं, मी आजारी म्हणून तिकडच्या नळावर धुऊन आणतोय. ते दुकानातले होते. तो कुठं गेलाच नव्हता. तिथंच बसला होता."

"मॅडम, बटाटे हा पुरावा..." फेअरब्रदरनं सुरुवात केली.

"नाहीच," क्विलबाई म्हणाल्या. "मिसेस एंटविसल, त्या दिवसांचं दुसरं काही आहे तुमच्याकडे?"

आता ॲव्हरिल जागी झाली. "कार्ड दे गं," तिनं कोपर मारलं. "सगळं घेऊन ये म्हटलं होतं ना मी."

नॉर्मानं पर्समधून इस्पितळाचं कार्ड काढलं. कडा झिजलेल्या, मध्ये घडी. केमोच्या दिवशी रुग्णानं गाडी चालवायची नाही, आणि घरी नेणाऱ्या माणसानं आत येऊन सही केल्याशिवाय नर्स सोडायच्या नाहीत. क्लिफर्ड यायचा, दारातल्या टेबलापाशी उभा राहायचा, जमिनीकडे बघत सही करायचा आणि आधी बाहेर पडायचा. कार्डावर पाच मंगळवार, पाच सह्या, प्रत्येकीपुढे नर्सनं टाकलेली वेळ.

क्विलबाईंनी कार्ड आणि फोटोंची पानं शेजारी ठेवली. टेबलाच्या कडेवरून अजून पाणी ठिबकत होतं.

"तीन पंचवीसला सही," त्या म्हणाल्या. "तीन एकेचाळीसला गाडी बाहेर. पुढच्या वेळी तीन बावीस, तीन अडतीस. पाचही वेळा पंधरा-वीस मिनिटांचा फरक. तेवढा वेळ आजारी बाईला रस्ता ओलांडायला लागतोच. मिस्टर फेअरब्रदर, नर्सनं ज्या बाईला गाडी चालवायला मनाई करून नवऱ्याच्या हवाली केलं, तिनंच मग गाडी चालवली, असं तुमचं म्हणणं आहे?"

"मला जे सांगायला सांगितलं तेच माझं म्हणणं आहे, मॅडम," तो म्हणाला. नम्र माणूस होता.

"मिसेस एंटविसल त्यांच्या साक्षीत चुकल्या. नवरा मळ्यावर जातो असं त्यांना सांगितलेलं होतं, आणि त्यांनी ते मानलं. गाडी कोण चालवत होतं त्याबद्दल त्या चुकलेल्या नाहीत. नोटिसा उशिरा गेल्या, त्यामुळे मालकाला धरता येत नाही. दावा फेटाळला. बाई, येण्याजाण्याचा खर्च कंपनीकडून घेता येईल, किती झाला?"

"काही नाही, मॅडम. म्हाताऱ्यांना बस फुकट आहे."

दाराशी फेअरब्रदर कागद गोळा करत होता. नॉर्मा त्याच्याजवळ गेली. "हे फोटोंचे कागद तुम्हाला परत लागतात का?"

"ती तुमचीच प्रत आहे," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आणि ते पाण्याचं... सॉरी, बाई."

"असू दे," नॉर्मा म्हणाली.

बसमध्ये ॲव्हरिल वरच्या पट्टीत होती. "बॉयलरवाल्याला आजच फोन कर. आणि ती कैफियत मी लिहिली होती हे चर्चमध्ये सांगायला विसरू नकोस. वेळांचं सांगू नकोस, तेवढं गाळ." नॉर्मा हूं हूं करत होती. तिनं मांडीवर पाचही पानं पसरली होती. ओल्या स्कर्टमुळे खालचं पान भिजत होतं, तर तिनं ते वर घेतलं. त्या पानावर नोव्हेंबरातला मंगळवार होता, काचेवर बर्फाचा पातळ थर. साडेसहा तास. इंजिन बंद ठेवून बसला असणार, कारण पेट्रोल वाया गेलेलं त्याला खपायचं नाही. समोर इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर तिची खिडकी होती, आणि त्या खिडकीतून वाहनतळ दिसायचा. ती कधी वाकून बघायला गेली नव्हती. कशाला जाईल? तिच्या लेखी तो मळ्यावर होता.

आणि पिशवी उचलून मागच्या खोलीत नेताना तो नुसता "हो" म्हणाला होता. खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, गाढवा, असं तिला वाटलं.

"सॉरी," नॉर्मा म्हणाली.

पुढच्या बाकावरची बाई चटकन वळली आणि आपली पिशवी आत ओढून घेत म्हणाली, "नाही नाही, सॉरी माझंच."

ॲव्हरिलनं मान वळवली. "आता कुणाला म्हणालीस? धक्का तर कुणी मारला नाही."

"तुम्हाला कुणाला नाही," नॉर्मा म्हणाली, आणि पानं तारखेप्रमाणे लावून पर्समध्ये ठेवली. "क्लिफर्डला म्हणाले. त्याचं एक राहिलं होतं."